क्रूस नसलेला क्रॉस: ॲबरडीनच्या कॅसलगेट चौकातून

उत्तरवारा (रविवार, रात्री)

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात घर बघायला निघाले तेव्हा फोनवर निरोप मिळाला, कॅसलगेटला या आणि क्रॉसपाशी थांबा. मी चौकात पोचले आणि क्रूस शोधायला लागले. कुठे चर्चचा मनोरा दिसतो का, कुठे उभा-आडवा दगड दिसतो का. चौकात सहा बाजूंची, कमानी असलेली एक दगडी छत्री होती, आपल्याकडे संस्थानिकांच्या समाधीवर असते तशी. तिच्या मधून वर गेलेल्या खांबावर एक शिंगवाला घोडा. मी वीस मिनिटं तिच्याच सावलीत उभी होते. क्रॉस म्हणतात तो तोच.

मरकॅट क्रॉस हे त्याचं नाव. मरकॅट म्हणजे जुन्या स्कॉट बोलीत बाजार. ज्या गावाला बाजार भरवण्याचा हक्क मिळाला, त्या गावाने चौकात असा क्रॉस उभारायचा, ही इथली शेकडो वर्षांची रीत. सुरुवातीला काहींच्या माथ्यावर खरोखर क्रूस असे. पुढे कित्येक ठिकाणी राजाचा युनिकॉर्न आला, नाव मात्र तेच राहिलं. आजही देशभर असे सव्वाशेच्या आसपास क्रॉस उभे आहेत.

आमचा हा १६८६ चा. ओल्ड रेन गावचा गवंडी जॉन मॉन्टगोमेरी याने तो बांधला आणि खर्च आला १०० पौंड. छत्रीचा व्यास २१ फूट, उंची १८ फूट आणि त्यावर साडेबारा फुटांचा खांब. पण खरी बघण्यासारखी गोष्ट आहे कठड्यावर. तिथे बारा चौकटी कोरल्या आहेत. एकीत राजचिन्ह, एकीत शहराचं चिन्ह आणि उरलेल्या दहांत स्टुअर्ट घराण्याचे राज्यकर्ते, पहिल्या जेम्सपासून सातव्या जेम्सपर्यंत, मधे मेरी राणीसुद्धा. सातवा जेम्स तेव्हा गादीवर होता. गवंड्याने त्याचा चेहरा कोरला आणि दोनच वर्षांनी, १६८८ च्या डिसेंबरात, तो फ्रान्सला पळून गेला. चेहरा राहिला. कुणी तो काढून टाकला नाही.

१७१५ मध्ये याच जेम्सच्या मुलाला राजा म्हणून जाहीर करणारी द्वाही याच क्रॉसवरून फिरली. तीस वर्षांनी, १७४५ च्या सप्टेंबरात, पुन्हा तेच. तेव्हा या घराण्याच्या बाजूने उठलेल्या बंडवाल्यांनी शहराचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, जेम्स मॉरिसन याला तलवारीच्या धाकाने क्रॉसवर चढवलं, हातात वाइनचा पेला दिला आणि नव्या राजाच्या नावाने पी म्हणाले. तो प्यायला नाही. मग त्यांनी ती वाइन त्याच्या छातीवर ओतली. मी रोज सकाळी बसमधून उतरून त्या कठड्याकडे बघते तेव्हा मला राजांच्या आधी हा भिजलेला माणूस आठवतो.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या किंवा इथे येऊन गेलेल्या मंडळींनी आपापल्या गावचे क्रॉस सांगावेत, म्हणून हा धागा.

---

गुलबक्षी (रविवार, रात्री)

काय सुंदर लिहिलंय! छातीवर वाइन ओतल्याचं वाचून घशात आवंढा आला. एक शंका आहे. हे स्मारक नक्की कशाचं म्हणायचं? राजांचं म्हणावं तर राजे कठड्यावर, बाजूला. युद्धाचं नाही, कुणाच्या मरणाचं नाही, देवाचंही नाही. मग तीनशे-चाळीस वर्षं लोकांनी जपलंय ते काय?

---

मोंढ्यावरचा (सोमवार, सकाळी)

ताई, मी लातूरचा. तीन पिढ्या मोंढ्यात आडत आहे आमची, म्हणून तुमच्या त्या एका वाक्यावर अडकलो. 'बाजार भरवण्याचा हक्क' म्हणजे काय ते जरा उलगडून सांगा. बाजार तर कुणीही भरवंल, चार जण माल घेऊन बसले की झाला बाजार. त्याला राजाची सही कशाला लागायची? आणि दगड कशाला?

---

उत्तरवारा (सोमवार, दुपारी)

@गुलबक्षी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. @मोंढ्यावरचा यांना उत्तर देता देता कदाचित सापडेल.

दादा, सगळी मेख तुम्ही म्हणता तिथेच आहे. चार जण बसले की बाजार होतो, पण मग वजन कुणाचं धरायचं? भांडण झालं तर निवाडा कुणी करायचा? मध्ययुगात इथल्या शाही बर्गांना, म्हणजे सनद मिळालेल्या शहरांना, व्यापाराची मक्तेदारी होती. परदेशाशी व्यापार करायचा तर तो त्यांनीच. त्या बदल्यात बाजार उघड्यावर, ठरल्या दिवशी, ठरल्या जागी भरला पाहिजे. माल क्रॉसपाशी आला पाहिजे, सगळ्यांना दिसला पाहिजे. शहराचा काटा चौकात असे, त्याला ट्रॉन म्हणत. ज्याला शंका येईल त्याने तिथे माल तोलून घ्यायचा.

आणि सगळ्यात मोठा गुन्हा कोणता, तर माल चौकात पोचण्याआधी गावाबाहेर गाठून विकत घेणं. पहाटे वेशीबाहेर उभं राहायचं, शेतकऱ्याची गाडी अडवायची, दोन पैसे कमी देऊन सगळा माल उचलायचा आणि मग बाजारात चढ्या भावाने काढायचा. याला शहराचं न्यायालय दंड करी.

कॅसलगेटमध्ये तर पूर्वी दोन क्रॉस होते. एक फ्लेश क्रॉस, तिथे मटण विकलं जाई. दुसरा फिश क्रॉस, तिथे मासळी. आत्ताचा क्रॉस त्यांच्यानंतरचा. याच्या खालच्या कमानीही आजच्यासारख्या मोकळ्या नव्हत्या, बंद करून आत गाळे काढलेले होते. म्हणजे वर राजे आणि खाली दुकानं. तेव्हा तो चौकाच्या पश्चिमेला, टोलबूथसमोर उभा होता. टोलबूथ म्हणजे जकातनाका, कचेरी आणि तुरुंग, सगळं एकाच इमारतीत. १८४२ मध्ये क्रॉस उचलून आत्ताच्या जागी आणला आणि कमानी मोकळ्या केल्या.

---

मोंढ्यावरचा (सोमवार, दुपारी)

ताई, अंगावर काटा आला. वेशीबाहेर गाडी अडवायची गोष्ट मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या आज्याचं म्हणणं असायचं, माल ढिगात ओतला पाहिजे आणि सौदा तोंडानं मोठ्यांदा झाला पाहिजे. शेतकऱ्यानं आपल्या कानानं भाव ऐकला पाहिजे. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची जुनी पद्धत होती, त्यात मालकाला कळायचंच नाही आपला माल कितीला गेला. आजा त्याच्या फार विरोधात.

माझ्या मते गुलबक्षीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हे स्मारक उघड्यावर झालेल्या सौद्याचं आहे.

---

पूर्ववाट (सोमवार, संध्याकाळी)

मी एडिनबर्गला असतो. इथला मरकॅट क्रॉस हाय स्ट्रीटवर, सेंट जाइल्स चर्चच्या बाजूला. मोंढ्यावरचा, तुमचं म्हणणं पटलं, पण उघड्यावर सौदाच होत नसे, आणखीही बरंच काही होत असे. ते सांगतो.

एखाद्याने कर्ज बुडवलं की राजाचा हुकूम घेऊन शिपाई क्रॉसपाशी यायचा, हुकूम मोठ्याने वाचायचा आणि शिंग तीनदा फुंकायचा. तिसरं शिंग वाजलं की तो माणूस नुसता कर्जदार राहत नसे, राजाचा बंडखोर ठरे. माणूस देशाबाहेर असेल तर हुकूम इथे आणि लीथ बंदराच्या धक्क्यावर असा दोन्हीकडे वाचत. समुद्रापलीकडे तो त्याला ऐकू गेला, असं कायदा धरून चाले. दिवाळं निघालेल्याला क्रॉसजवळच्या दगडी बाकावर पिवळी टोपी घालून बसवत. देहदंडही इथेच. माँट्रोजचा मार्क्विस या सरदाराला १६५० मध्ये याच क्रॉसपाशी फाशी दिली.

आणि एक दंतकथा. १५१३ मध्ये राजा चौथा जेम्स इंग्लंडवर चालून जायच्या तयारीत होता. मध्यरात्री क्रॉसवरून एक आवाज आला आणि एकेकाचं नाव पुकारू लागला: अमुक सरदार, तमुक नागरिक, चाळीस दिवसांच्या आत माझ्या मालकापुढे हजर व्हा. रिचर्ड लॉसन नावाचा माणूस आपल्या सज्जात येरझारा घालत होता. त्याने स्वतःचं नाव ऐकलं, नोकराकडून थैली मागवली, एक नाणं काढून खाली फेकलं आणि ओरडला, हा हुकूम मला मान्य नाही, मी देवाच्या दयेकडे अपील करतो. फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला, पुकारलेली माणसं पडली, लॉसन तेवढा वाचला. मला यात भुतापेक्षा अपिलाची गोष्ट आवडते. यमाचा हुकूमसुद्धा चौकात जाहीर वाचावा लागला आणि चौकात वाचला म्हणूनच त्याला हरकत घेता आली.

जुना क्रॉस १७५६ मध्ये रहदारीला अडचण म्हणून पाडला. रस्त्यात अष्टकोनी फरसबंदी करून त्याची जागा राखली आहे. रोज हजारो पर्यटक तिच्यावरून चालत जातात. आत्ताचा क्रॉस १८८५ चा. तेव्हाचे मिडलोथियनचे खासदार ग्लॅडस्टन यांनी तो स्वखर्चाने बांधून दिला.

११ सप्टेंबर २०२२ ला मी त्या गर्दीत होतो. तीन दिवसांपूर्वी बॅल्मोरलला राणी गेली होती. नव्या राजाची द्वाही लॉर्ड लायनने, म्हणजे इथल्या राजचिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याने, क्रॉसवरूनच वाचली. माझा मुलगा खांद्यावर होता. त्याने विचारलं, बाबा, टीव्हीवर काल सांगून झालंय ना, मग पुन्हा कशाला? मला त्याला एवढंच सांगता आलं की इथे सांगितल्याशिवाय ते सांगितलं असं होत नाही.

---

गुलबक्षी (सोमवार, रात्री)

पूर्ववाट, तुमच्या मुलाच्या प्रश्नापाशी मी थांबले. गावात दवंडी पिटायची तेव्हा माझी आजी हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची. बातमी आधीच कळलेली असायची, तरी यायची.

---

छिन्नी (मंगळवार, पहाटे)

मी दगडाच्या कामातला. पुण्याजवळच्या जुन्या वाड्यांची आणि देवळांची डागडुजी करतो. उत्तरवारा, तुम्ही क्रॉस कुठल्या दगडाचा ते लिहिलं नाहीत. ॲबरडीनला ग्रॅनाइटचं शहर म्हणतात ना? मग १६८६ मध्ये ग्रॅनाइटवर दहा चेहरे कोरणारा गवंडी असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार. ग्रॅनाइटवर तेव्हाच्या हत्यारांनी एवढं नाजूक काम करायचं म्हणजे आयुष्य जाईल.

---

उत्तरवारा (मंगळवार, सकाळी)

@छिन्नी, नेमकं हेच मला कितीतरी वर्षांनी कळलं. सगळं शहर ग्रॅनाइटचं, क्रॉस मात्र वालुकाश्माचा! रुबिस्लॉची प्रसिद्ध खाण सुरू झाली १७४० मध्ये, क्रॉसच्या कितीतरी नंतर. तीच पुढे सुमारे १४२ मीटर खोल गेली, १९७१ मध्ये बंद पडली आणि आता पाण्याने भरली आहे. पाऊस पडून ऊन आलं की इथले रस्तेच्या रस्ते चमकतात, ग्रॅनाइटमधल्या अभ्रकामुळे. क्रॉस तेवढा चमकत नाही. ओला झाला की काळपट होतो आणि आसपासची सगळी घरं वाळली तरी तो ओलाच असतो. समुद्रावरून धुकं येतं, त्याला इथे हार म्हणतात. हार आला की आधी तो घोडा दिसेनासा होतो, मग खांब, मग राजे, आणि शेवटी कमानी तेवढ्या उरतात.

---

छिन्नी (मंगळवार, दुपारी)

उलगडा झाला. वालुकाश्म म्हणजे वाळूचे थर एकावर एक बसून झालेला दगड. कोरायला लोण्यासारखा, पण पाणी पितो. थंडीत आतलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आमच्याकडचा काळा फत्तर असा वागत नाही.

यात गवंड्याची अक्कल एका गोष्टीत कळते. दगड खाणीत जसा निजलेला असतो, तसाच बांधकामात निजवायचा, थर आडवे ठेवून. घाईत कुणी थर उभे करून बसवला तर पुस्तकाची पानं सुटावीत तसा दर्शनी भाग सुटत जातो. आणि दुसरी गोष्ट, असल्या दगडाच्या सांध्यांत सिमेंट कधीही भरू नये. चुना पाण्याला बाहेर पडायला वाट देतो, सिमेंट कोंडून ठेवतं, मग पाणी दगडातूनच वाट काढतं आणि दगड मरतो. आमच्याकडे एका देवळाच्या दीपमाळेला असं सिमेंट फासलेलं मी पाहिलं. तीन पावसाळ्यांत सगळ्या कडा झडल्या. ती दीपमाळ माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. तुमच्या क्रॉसच्या सांध्यांकडे एकदा जवळून बघा आणि मला सांगा.

---

सांजदिवा (मंगळवार, रात्री)

मी वसईची. आमच्याकडे क्रूस गावाच्या नाक्यावर असतो, त्याला पांढरा चुना लावलेला असतो आणि मे महिन्यात संध्याकाळी त्याच्यापुढे सगळी आळी जमून रोझरी म्हणते. वांद्र्याच्या गल्ल्यांत १८९६ च्या प्लेगच्या वेळचे क्रूस आहेत, माझ्या मावशीच्या घरासमोरच एक आहे. तेव्हा लोकांनी क्रुसाला जिवाची भीक मागितली. त्यामुळे क्रूस म्हटल्यावर त्यावर क्रूसच नाही, भाव पुकारतायत, शिंगं फुंकतायत, हे वाचून मला आधी थोडं लागलंच. खरोखरचा, प्रार्थनेचा क्रूस तिथे चौकात कुठेच उरला नाही का?

---

भटकी वाट (बुधवार, दुपारी)

सांजदिवा, उरला आहे, आणि त्याची हकिगत तुम्हाला सांगावी म्हणून खास लॉगिन केलं.

पश्चिम किनाऱ्यावर किंटायर नावाचं लांबच लांब द्वीपकल्प आहे, त्याच्या टोकाजवळ कॅम्बलटाउन. ग्लासगोहून गाडीने जवळजवळ चार तास. बंदराजवळ, जुन्या धक्क्याच्या तोंडाशी, गोल चक्रीच्या मधोमध एक क्रूस उभा आहे. हा खराखुरा, साधारण १३८० चा, दहा फुटांहून उंच, हिरवट करड्या दगडाचा. त्या भागात मिळणारा हा दगड इतका मऊ कोरला जातो की अंगभर वेली, गाठी, पानं एकमेकांत विणलेली आहेत. एका बाजूला जलपरी आहे. ड्रॅगनला मारणारा सेंट मायकेल आहे.

हा मुळात बाजाराचा नव्हताच. जवळच्या किलकिव्हनच्या चर्चचा तो क्रूस. एका धर्मगुरूने आपल्या वडिलांच्या आणि स्वतःच्या नावाने तो घडवून घेतला. वडीलही धर्मगुरूच होते. लॅटिनमध्ये कोरलंय त्याचा अर्थ असा: हा क्रूस किलकिव्हनचे पूर्वीचे धर्मगुरू इव्हर मॅकइचर्न यांचा आणि किलकोमनचे धर्मगुरू, त्यांचे पुत्र अँड्र्यू यांचा, ज्यांनी हा क्रूस करवला.

१५६० मध्ये स्कॉटलंडने रोमच्या चर्चशी नातं तोडलं. त्यानंतर कधीतरी या क्रुसावरची ख्रिस्ताची मूर्ती छिन्नीने काढून टाकली गेली. सतराव्या शतकात तो कॅम्बलटाउनला आणला आणि बाजाराचा क्रॉस म्हणून मेन स्ट्रीटवर उभा केला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने उतरवून ठेवला आणि मग या धक्क्याजवळच्या जागी बसवला. जिथून ख्रिस्त काढला, तिथे हात लावला तर दगड खरखरीत लागतो. बाजूच्या वेली मात्र बोटाला गुळगुळीत लागतात. मी बराच वेळ तिथे हात ठेवून उभी होते.

---

सांजदिवा (बुधवार, रात्री)

भटकी वाट, तुमचे आभार कसे मानू? मुलाने वडिलांचं नाव आधी घातलं आणि मग आपलं, हे वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मूर्ती काढली तरी नावं राहू दिली, म्हणजे काढणाऱ्याच्या मनात थोडी माया होती.

---

लेखणटाक (गुरुवार, सकाळी)

'ज्यांनी हा क्रूस करवला' इथे मी थबकलो. मूळ लॅटिन आहे 'फिएरी फाकिएबात', म्हणजे 'करवून घेतला'. आता श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी काय कोरलंय ते आठवा: 'श्री चावुण्डराजें करवियलें'. तेच क्रियापद, तोच प्रयोजक! 'केलं' नाही, 'करवियलें'. दगड कोरणारा वेगळा, कोरवणारा वेगळा, आणि नाव कोरवणाऱ्याचं.

म्हणूनच मला उत्तरवारांच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ॲबरडीनच्या क्रॉसच्या बाबतीत कोरणाऱ्याचं नाव, गाव आणि मजुरी, तिन्ही आपल्याला ठाऊक आहेत. जॉन मॉन्टगोमेरी, ओल्ड रेन, १०० पौंड. असं फार थोड्या दगडांच्या नशिबी येतं.

---

छिन्नी (गुरुवार, सकाळी)

लेखणटाक, हे तुम्ही लिहिलंत, मी दिवसभर कामावर लोकांना वाचून दाखवणार.

---

भोकरदनकर (गुरुवार, रात्री)

थोडं वेगळं, पण धाग्याशी जोडलेलं. एडिनबर्गच्या किल्ल्यासमोरच्या पटांगणात ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा एक दगडी क्रूस आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या सैनिकांच्या स्मरणार्थ. त्या पलटणीच्या बिल्ल्यावर हत्ती असे आणि हत्तीबरोबर एक नाव, असई.

असई आमच्या जालना जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली. ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी त्याच्याकडून लढल्या आणि ७४ वीची तर धूळधाण झाली. कंपनीने दोघींना हत्तीचं मानचिन्ह दिलं. केळणा आणि जुई नद्यांमधली ती जमीन मी लहानपणापासून ओळखतो. तिथे नांगरताना तोफेचे गोळे मिळाल्याच्या गोष्टी आमच्याकडे घरोघर आहेत.

त्यांनी आपली माणसं दगडावर लिहून ठेवली, याबद्दल मला राग नाही. पण शिंद्यांच्या तोफांवर जे गोलंदाज शेवटपर्यंत हलले नाहीत, त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली मी अजून पाहिलेली नाहीत. ती मला हवी आहेत.

---

पूर्ववाट (गुरुवार, रात्री)

भोकरदनकर, त्या क्रूसासमोरून मी शंभरदा गेलो असेन. पुढच्या वेळी मुलाला घेऊन जाईन आणि असई कुठे आहे ते त्याला तिथेच नकाशावर दाखवीन.

@मोंढ्यावरचा, तुमच्यासाठी एक राहिलं होतं. इथून जवळच प्रेस्टनपॅन्सला मरकॅट क्रॉस आहे, मूळ रूपात आणि मूळ जागी टिकलेला. १६३६ मध्ये त्याचा ताबा फेरीवाल्यांच्या एका बिरादरीने घेतला. पाठीवर गाठोडं घेऊन सुया, फिती आणि कापड विकत गावोगाव हिंडणारी ती माणसं. सरदाराने नाही, राजाने नाही, फेरीवाल्यांनी!

---

मोंढ्यावरचा (शुक्रवार, सकाळी)

हे वाचून लई बरं वाटलं दादा. फेरीवाल्याला जगात कुठं बूड टेकायला जागा नसती. यांनी चौकच घेतला.

---

उत्तरवारा (रविवार, संध्याकाळी)

आठवडाभर इतकं वाचायला मिळालं की आज सकाळी मुद्दाम कॅसलगेटला गेले. छिन्नी, सांधे जवळून पाहिले. काही जागी कडा मऊ झाल्या आहेत, एका चौकटीच्या खालच्या किनारीला पापुद्रा सुटतोय, नखाएवढा. फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपातून पाठवते, तुम्हीच बघा.

रविवारची सकाळ, चौकात माणूस नाही. सीगल पक्षी तेवढे. एके काळी शहराचं सगळं शहरपण इथे होतं. आता युनियन स्ट्रीटवरची दुकानंही एकेक बंद होतायत आणि गर्दी मॉलमध्ये गेलीये. मला याचं खरंच वाईट वाटतं, आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाला वाटावं असं मला वाटतं.

कठड्याकडे मान वर करून बघत होते, तेवढ्यात एक म्हातारी बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, वय ऐंशीच्या पुढचं. 'फिट लाइक?' म्हणाल्या, म्हणजे इथल्या डोरिक बोलीत 'कसं काय?'. काय बघतेस असं विचारलं. मी म्हटलं, राजे मोजतेय. त्या म्हणाल्या, राजांचं सोड, तू टिमर मार्केटबद्दल ऐकलंयस का?

टिमर म्हणजे लाकूड. ऑगस्टमधल्या शेवटच्या बुधवारी कॅसलगेटमध्ये लाकडी वस्तूंचा बाजार भरत असे. आधी बादल्या, पळ्या, शिड्या अशा घरगुती वस्तू, नंतर मुलांची खेळणी. बाईंना आठवतो तो खेळण्यांचा. आई एकेका भावंडाच्या हातात नाणी ठेवायची आणि सांगायची, हरवलात तर क्रॉसपाशी या, मी तिथेच असेन. एका वर्षी त्या खरंच हरवल्या. गर्दीत नुसते पाय दिसत होते, पण मान वर केली की घोडा दिसायचा, म्हणून घोड्याकडे बघत चालत राहिल्या. आई या इथे उभी होती, असं म्हणून त्यांनी काठीने फरशीवर एक जागा दाखवली.

मग चौकातल्या मॅनीकडे बोट केलं. मॅनी म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सार्वजनिक हौदावरचा छोटा पुतळा. मधली बरीच वर्षं तो दुसरीकडे नेऊन ठेवला होता, मग परत आणला. तो परत आला तेव्हा बरं वाटलं, म्हणाल्या. बस आली आणि त्या गेल्या. नाव विचारायचं राहिलं.

@गुलबक्षी, तुमचा प्रश्न मी अजून घेऊन हिंडतेय. पण त्या बाईंनी जी फरशी दाखवली, तिच्यावर मी थोडा वेळ उभी राहिले.

---

गुलबक्षी (रविवार, रात्री)

पुरे झालं माझ्या प्रश्नाला.

---

पूर्ववाट (रविवार, रात्री)

उत्तरवारा, पुढच्या शनिवारी आम्ही तिघं गाडीने ॲबरडीनला येतोय. मुलाला दहा राजे मोजायचेत आणि वाइन ओतलेल्या माणसाची गोष्ट तिथेच ऐकायची आहे. भेटता येईल का? कुठे यायचं?

---

उत्तरवारा (रविवार, रात्री)

नक्की या! अकरा वाजता, क्रॉसपाशी, टोलबूथकडच्या अंगाला. डबा मी आणते.